जुन्या गाडीचा कार्बोरेटर: आधी दोष ओळखा, मग पाना हातात घ्या

सकाळी दहा किका, सिग्नलला बंद पडणं, चढावर दम टाकणं. अशी गाडी गॅरेजमध्ये नेली की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "कार्बोरेटर साफ करावा लागेल." तो साफ होतो, दोन स्क्रू इकडेतिकडे फिरतात, चार दिवस गाडी बरी चालते आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. कार्बोरेटर उघडण्याआधी बिघाड नेमका कुठे आहे हे कोणी पाहिलेलंच नसतं. खरं तर अ‍ॅक्सिलरेटर किती उघडल्यावर त्रास होतो, एवढं नीट टिपलं तरी निम्म्याहून जास्त निदान होऊन जातं.

या लेखात डोळ्यासमोर मुख्यतः १०० सीसीची हिरो होंडा आहे, म्हणजे सीडी १०० आणि जुनी स्प्लेंडर. यामाहा आरएक्स १०० किंवा कास्ट आयर्न इंजिनाची जुनी बुलेट जिथे वेगळी वागते, तिथे तसं सांगितलं आहे. या सगळ्यांत सरकणाऱ्या स्लाइडचा, म्हणजे मूठ फिरवली की वर-खाली होणाऱ्या दट्ट्याचा, साधा कार्बोरेटर असतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचं मानक लागू झालं आणि नव्या गाड्या बहुतेक फ्युएल इंजेक्शनवर गेल्या. त्यामुळे एअर स्क्रू (स्लोचं मिश्रण कमीजास्त करणारा बारीक स्क्रू) आवाज ऐकत कानाने लावणारे हात हळूहळू कमी होत चालले आहेत, आणि जुनी गाडी ठेवायची तर मालकाला हे थोडंफार यायलाच हवं.

कार्बोरेटरवर आळ घेण्याआधी

"कार्बोरेटरचा प्रॉब्लेम" म्हणून आलेल्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांत दोष प्लगमध्ये, फिल्टरमध्ये नाहीतर टॅपेटमध्ये (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागातल्या फटीत) निघतो. म्हणून ही चार कामं आधी उरकून घ्या. अर्धा तास पुरतो.

प्लग काढून बघा. टोक विटकरी किंवा फिकट तपकिरी असेल तर पेट्रोल आणि हवेचं मिश्रण ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त पडतंय, मिश्रण रिच. पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी, मिश्रण लीन. काळा पण तेलकट, चिकट असेल तर फोर स्ट्रोकमध्ये तो रिंगा किंवा व्हॉल्व्ह सीलचा मामला आहे. त्यासाठी कार्बोरेटर उघडून काही मिळणार नाही. जुन्या १०० सीसी होंडाच्या प्लगची गॅप ०.६ ते ०.७ मिमी असते. प्लगची किंमत बघता जुनाच घासत बसण्यापेक्षा नवा टाकून निदान सुरू केलेलं परवडतं.

एअर फिल्टर बघा. जुन्या स्प्लेंडरचा फिल्टर स्पंजचा आहे. तो रॉकेलमध्ये धुवायचा, पिळायचा नाही, तळव्यांत दाबून रॉकेल काढायचं, वाळवायचा, मग इंजिन ऑइलमध्ये भिजवून पुन्हा तितकाच दाबून जास्तीचं ऑइल काढायचं. कोरडा बसवला तर धूळ आत जाते, ऑइलने निथळत बसवला तर हवा अडते आणि गाडी काळा धूर काढते. कागदी फिल्टर मात्र धुवायचा नसतो, बदलायचा असतो. आणि फिल्टर काढून गाडी ट्यून करायची नाही. फिल्टर परत बसला की सगळं ट्यूनिंग वाया.

टॅपेट थंड इंजिनावर, कंपनीच्या मापाने, फिलर गेज लावून बघा. टॅपेट घट्ट असतील तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, किक हलकी लागते आणि स्लो (मूठ बंद असतानाची इंजिनची धिमी चाल) काही केल्या टिकत नाही. अशा गाडीचा एअर स्क्रू दिवसभर फिरवला तरी उपयोग शून्य.

चौथी गोष्ट ठिणगीची. गाडी थंड असताना छान चालते, तापली की बंद पडते आणि वीस मिनिटांनी आपोआप सुरू होते, ही तक्रार इग्निशन कॉइल किंवा पल्सर कॉइलचीही (ठिणगीची वेळ सांगणाऱ्या कॉइलची) असू शकते. बंद पडल्या क्षणी प्लग काढून इंजिनच्या धातूला टेकवून किक मारा. प्लगच्या भोकापासून लांब टेकवा, आतून उडणारी पेट्रोलची वाफ पेट घेऊ शकते. ठिणगी नसेल तर वायरिंगकडे वळा. ठिणगी कडक निळी असेल तरच पुढे वाचा.

मुठीवर खुणा करा

अ‍ॅक्सिलरेटरच्या मुठीच्या कडेला आणि शेजारच्या स्विचच्या डब्यावर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावा. मूठ पूर्ण बंद असताना दोन्हींवर समोरासमोर एक रेघ मारा, पूर्ण उघडून डब्यावर दुसरी, आणि या दोन रेघांमधलं अंतर चार भागांत वाटून घ्या. मग मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवा आणि त्रास कोणत्या खुणेवर होतो ते बघा. वेग किंवा गियर महत्त्वाचा नाही, स्लाइड किती उचलली गेली आहे ते महत्त्वाचं.

मूठ बंद ते एक अष्टमांश: इथे स्लो जेट (जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोकाचं पितळी नळकं) आणि एअर स्क्रू यांचं राज्य. स्लो न टिकणं, सकाळी चोकशिवाय चालू न होणं, मूठ सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटाके, हे सगळं इथलं.

एक अष्टमांश ते पाव: स्लाइडच्या खालच्या कडेला फिल्टरच्या बाजूने जो तिरका काप असतो, त्याचा भाग. तो सहसा बिघडत नाही. पण स्लाइड झिजली असेल किंवा दुसऱ्या मॉडेलची बसवली असेल तर इथे झटका जाणवतो.

पाव ते पाऊण: निडल (स्लाइडला लटकणारी निमुळती सुई) आणि निडल जेट. रोजच्या वापरातलं बहुतेक चालवणं याच पट्ट्यात होतं, त्यामुळे अ‍ॅव्हरेज उतरलं तर संशय आधी इथे.

पाऊण ते पूर्ण: मेन जेट, आणि पेट्रोलचा पुरवठा.

दुसरी झटपट चाचणी चोकची. तापलेल्या गाडीला त्रास होत असताना चोक थोडा ओढा. गाडी सुधारली तर मिश्रण लीन होतं: जेट तुंबलंय, पेट्रोल कमी येतंय किंवा कुठून तरी हवा आत शिरतेय. आणखी बिघडली तर ते आधीच रिच होतं. एवढ्या एका ओढण्याने शोधायची दिशा निम्मी होते.

पेट्रोल खालपर्यंत पोहोचतंय का?

गाडी दहा-पंधरा किलोमीटर ठणठणीत जाते, मग ढेपाळते, बाजूला घेऊन पाच मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू. कार्बोरेटर उघडायची घाई करू नका. तसंच थांबून टाकीचं झाकण उघडा. "सुस्स" करून हवा आत गेली आणि गाडी लगेच चालू झाली, तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल खाली उतरत नाही. झाकण रॉकेलने धुऊन हवा मारली की काम झालं.

झाकण ठीक असेल तर कार्बोरेटरच्या तोंडाची नळी काढून बाटलीत धरा आणि टाकीखालचा पेट्रोलचा कॉक चालू करा. धार सलग पडली पाहिजे. थेंब-थेंब किंवा तुटक धार असेल तर कॉकची जाळी तुंबली आहे. जुन्या टाकीत गंज असतोच. जाळी काढली की तळाशी तांबूस भुकटी सापडते. कॉक 'ऑन' आणि 'रिझर्व्ह' दोन्हीवर तपासा, कारण पाणी आणि गाळ तळाशी बसतात आणि रिझर्व्हवर तेच आधी येतात.

वाटेत प्लॅस्टिकचा फिल्टर लावणं चांगलं, पण या गाड्यांत पंप नाही, पेट्रोल केवळ स्वतःच्या वजनाने उतरतं. कारचा जाड कागदी फिल्टर लावला की फुल अ‍ॅक्सिलरेटरवर पेट्रोल अपुरं पडतं. दुचाकीचा, बारीक जाळीचा घ्या. नळी गरजेपेक्षा लांब ठेवू नका. वर चढून खाली आलेला वळसा असेल तर त्यात हवेचा बुडबुडा अडकतो.

आता कार्बोरेटरच्या तळाचा ड्रेन स्क्रू दोन आटे सैल करून खालच्या वाटीतलं पेट्रोल काचेच्या ग्लासात घ्या. पावसाळ्यात ही तपासणी सगळ्यात आधी करावी, कोकणात तर नक्कीच. तळाशी पाण्याचे गोळे दिसले तर फक्त कार्बोरेटर साफ करून भागणार नाही, टाकीही रिकामी करावी लागेल. पेट्रोलला वार्निशसारखा वास येत असेल तर गाडी बरेच दिवस उभी होती आणि स्लो जेट बुजलं आहे असं धरून चाला.

गाडी ओव्हर होते तेव्हा

ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल ठिबकतं, म्हणजे फ्लोटची (वाटीत तरंगणाऱ्या भागाची) सुई पेट्रोल अडवत नाही. कारणं चार: सुईखाली कचरा, सुईचं टोक झिजलेलं, फ्लोटला भोक पडून त्यात पेट्रोल भरलेलं, किंवा फ्लोटची पातळी चुकलेली.

सुरुवात सगळ्यात सोप्यापासून करा. कॉक बंद, ड्रेन स्क्रू उघडा, वाटी रिकामी होऊ द्या, मग तो उघडाच ठेवून कॉक काही सेकंद चालू करा. खाली बाटली धरायला विसरू नका. कचरा असेल तर धारेबरोबर निघून जातो. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने वाटीवर हलकी टिचकी मारणं हा जुना उपाय आहे, आणि रस्त्यात चालतोही, पण तो तात्पुरताच.

पुन्हा ठिबकलं तर वाटी उघडा. सुईच्या शंकूसारख्या टोकावर नखाने हात फिरवून बघा: गोल चर लागली की सुई गेली. फ्लोट कानाजवळ हलवा. आत खळखळ आवाज आला तर त्यात पेट्रोल शिरलंय. पितळी फ्लोट असेल तर तो गरम पाण्यात बुडवला की भोकातून बुडबुडे येतात, पण आधी तो रिकामा आणि पूर्ण कोरडा करा आणि हे काम गॅसच्या शेगडीजवळ करू नका.

पातळी बघायला कार्बोरेटर खोलायची गरज नाही. ड्रेनच्या तोंडाला पारदर्शक नळी लावा, ती वर वळवून कार्बोरेटरच्या अंगाला लागून उभी धरा, कॉक चालू करून ड्रेन स्क्रू एक आटा सैल करा. नळीत पेट्रोल जिथे थांबतं ती आतली पातळी. ती वाटी आणि अंगाच्या जोडाच्या किंचित खाली हवी. जोडाच्या वर गेली तर ओव्हर होणार, बरीच खाली राहिली तर फुल अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी उपाशी राहणार. फ्लोट पितळी असेल तर सुईवर टेकणारी जीभ केसभर वाकवून पातळी बदलता येते. प्लॅस्टिकच्या फ्लोटची जीभ प्लॅस्टिकचीच असेल तर वाकवायच्या भानगडीत पडू नका, फ्लोट आणि सुई बदला.

ओव्हर होण्यातला खरा धोका पेट्रोल वाया जाण्याचा नाही. ओव्हरफ्लोची नळी बुजलेली असेल आणि कॉक रात्रभर चालू राहिला, तर पेट्रोल सिलिंडरमधून ऑइलमध्ये उतरतं. सकाळी डिपस्टिकवर ऑइल वर चढलेलं दिसलं आणि त्याला पेट्रोलचा वास आला, तर गाडी सुरू करू नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंगला वाचवत नाही. ऑइल काढून नवं टाका, आधी सुई दुरुस्त करून. जुन्या गाडीचा कॉक उतरल्यावर बंद करायची सवय याचसाठी.

चोरून शिरणारी हवा

स्लो कमी केला तरी गाडी रेसवरच राहते, मूठ सोडल्यावर आवाज उशिरा उतरतो, आज बरी उद्या वाईट असं चालतं. यात दोष बहुधा कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या जोडात असतो. तिथून हवा आत शिरते आणि मिश्रण लीन होतं. एअर स्क्रूने हे झाकता येत नाही.

तपासायला साधं पाणी पुरतं. गाडी स्लोवर ठेवून इस्त्रीच्या कपड्यांवर मारायच्या स्प्रे बाटलीने जोडावर फवारा. इंजिनचा आवाज क्षणभर बदलला तर तिथूनच हवा जातेय. अनेक जण इथे कार्ब क्लीनर फवारतात. तापलेल्या इंजिनावर तो पेटू शकतो, पाण्याला ती भीती नाही.

हिरो होंडात कार्बोरेटरच्या तोंडाला ओ-रिंग आणि इंजिनच्या बाजूला काळा इन्सुलेटर असतो. ओ-रिंग जुनी झाली की चपटी आणि कडक होते. आणखी एक हमखास आढळणारी गोष्ट: कोणीतरी दोन्ही नट जीव खाऊन आवळलेले असतात, त्यामुळे कार्बोरेटरचा कान (नट बसतात ती चपटी कड) वाकतो आणि मधे फट पडते. ओ-रिंग काढून कान सपाट काचेवर टेकवून उजेडात धरा. मधून प्रकाश दिसला तर काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवा, त्यावर कान आठाच्या आकड्यात घासा, नवी ओ-रिंग टाका आणि नट आलटून-पालटून, बेताने आवळा. ओ-रिंगच्या जागी सिलिकॉन भरणं हा उपाय नव्हे. पेट्रोलने ते फुगतं आणि सुटलेला तुकडा आत ओढला जातो.

आरएक्स १०० मध्ये इथे रबरी जोड असतो. तो बोटांनी वाकवून भेगा बघा, बाहेरून न दिसणाऱ्या भेगा वाकवल्यावर उघडतात. टू स्ट्रोकमध्ये हा दोष अजिबात अंगावर काढू नये, लीन मिश्रणावर जोरात पळवली की पिस्टन जाम होतो.

उघडणं आणि साफ करणं

काम उघड्यावर, थंड गाडीवर, सिगारेट आणि देवघरातल्या दिव्यापासून दूर. लागणारं सामान: १० चा पाना (काही गाड्यांना ८ चा), चपटे स्क्रूड्रायव्हर दोन मापांचे, वाटीच्या स्क्रूला घट्ट बसणारा चौफुली स्क्रूड्रायव्हर, पांढरी थाळी, जुना टूथब्रश, रॉकेल, कार्ब क्लीनरचा डबा, चष्मा, नवी वाटीची ओ-रिंग. वाटीचे स्क्रू मऊ असतात आणि लूज बसणाऱ्या स्क्रूड्रायव्हरने त्यांची डोकी लगेच झिजतात. स्क्रूड्रायव्हर बसवून त्याच्या शेपटावर हातोडीची एक हलकी टिचकी मारा, मग दाब देऊन फिरवा.

कॉक बंद करा, वाटी रिकामी करा, नळी काढा. वरचं झाकण फिरवून स्लाइड केबलसकट बाहेर काढा आणि स्वच्छ फडक्यात गुंडाळून वर टांगून ठेवा. निडल वाकली तर सगळं मुसळ केरात. फिल्टरच्या बाजूची क्लिप सैल करा, दोन नट काढा, कार्बोरेटर हातात येईल. इंजिनच्या तोंडात लगेच फडक्याचा बोळा घाला. तिथे पडलेला एक वॉशर हेड खोलायला लावतो.

खोलण्याआधी एक गोष्ट नक्की करा. एअर स्क्रू हलक्या हाताने आत फिरवा आणि तो टेकेपर्यंत किती आटे झाले ते लिहून ठेवा. समजा पावणेदोन. आता तो पूर्ण बाहेर काढा. टेकवताना जोर लावला तर टोकाची सुई आत रुतते आणि मग ती गाडी कधीच धड ट्यून होत नाही.

वाटी उघडा. पांढरी भुकटी दिसली तर पाण्याने जस्ताच्या अंगाला खाल्लं आहे, हिरवट चिकट थर दिसला तर जुनं पेट्रोल आहे. फ्लोटची पिन काढा, फ्लोट आणि सुई एकदम उचला. मेन जेट, त्याच्या मागचा धारक, निडल जेट आणि शेजारचं खोल बसलेलं स्लो जेट काढा. जेटच्या खाचेत पूर्ण बसणारा स्क्रूड्रायव्हर हवाच, पितळ आहे, खाच एकदा तुटली की जेट आत अडकतं.

आता खरा मुद्दा स्लो जेटचा. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लहान असतं. जेट डोळ्याजवळ धरून ट्यूबलाइटकडे बघा. स्वच्छ जेटमधून गोल, कडा कोरल्यासारखा प्रकाशाचा ठिपका दिसतो. ठिपका अर्धा, अंधूक किंवा वेडावाकडा दिसला तर आत थर आहे. इथेच क्लच केबलची तार भोकात घालायची पद्धत आहे, आणि असंख्य जेट तिनेच बाद झाले आहेत. पोलादी तार पितळाला ओरबाडते, भोक केसभर मोठं होतं, गाडी कायमची रिच होते, आणि जेटवरचा नंबर मात्र पहिलाच राहतो. जेट रात्रभर कार्ब क्लीनरमध्ये भिजवा, हवा मारा. फारच अडलं तर विजेच्या मऊ वायरीतली तांब्याची एक बारीक तार चालेल. तरीही ठिपका गोल दिसला नाही तर नवं जेट घ्या.

जेटइतकेच अंगातले रस्ते महत्त्वाचे, आणि घाईत हेच राहून जातात. स्लो जेटच्या भोकात क्लीनरची नळी लावून फवारा. इंजिनच्या बाजूच्या तोंडात, स्लाइडच्या खाली, दोन अगदी बारीक भोकं आहेत. दोन्हींतून फवारा बाहेर आला पाहिजे. मग एअर स्क्रूच्या भोकातून फवारा आणि तो कुठून बाहेर येतो ते बघा. चष्मा घाला, फवारा नेमका डोळ्याच्या दिशेने येतो. पंक्चरवाल्याकडे कॉम्प्रेसरची हवा मारून घ्यायची असेल तर फ्लोट, सुई आणि रबराच्या सगळ्या वस्तू काढून ठेवल्यावरच.

निडलवर मधल्या भागात झिजेची चकाकती पट्टी आहे का बघा. असेल तर निडल जेटचं भोकही लंबगोल झालेलं असतं. दोन्ही जोडीनेच बदलायचे. स्लाइड अंगात घालून बोटाने पुढेमागे हलवा. किंचित हालचाल चालते. पण ती खडखडत असेल, इंजिन स्लोवर असताना टकटक ऐकू येत असेल, तर अंगच झिजलं आहे आणि कितीही साफसफाई केली तरी स्लो स्थिर होणार नाही.

जोडताना

सुई आणि फ्लोट बसवून कार्बोरेटर उलटा धरा, पेट्रोलच्या तोंडाने फुंका: हवा जाऊ नये. सरळ करा: गेली पाहिजे. वाटीची ओ-रिंग खोबणीत बसली आहे याची खात्री करा. कार्ब क्लीनर लागलेली जुनी ओ-रिंग फुगून लांब होते आणि खोबणीत मावत नाही. तिला दाबून बसवू नका, नवी घ्या.

निडलवर क्लिप बसवायला बहुधा पाच खाचा असतात, आणि मधल्या खाचेपासून सुरुवात करणं शहाणपणाचं. क्लिप खाली सरकवली की निडल वर उचलली जाते आणि मिश्रण रिच होतं. वर सरकवली की लीन. काही नंतरच्या निडलला एकच खाच असते, तिथे हा प्रश्नच नाही.

स्लाइडचा काप फिल्टरकडे आणि बाजूची खाच अंगातल्या खुंटीवर. उलटी बसली तर इंजिन सुरू होताच फुल रेसवर जातं. म्हणून किक मारण्याआधी मूठ उघडून सोडा: "टक्" असा आवाज येऊन ती स्वतःहून बंद झाली पाहिजे. हँडल दोन्ही टोकांना वळवून हेच पुन्हा करा. केबलला मुठीपाशी २ ते ६ मिमी ढील ठेवा. आरएक्स १०० मध्ये अ‍ॅक्सिलरेटरची केबल ऑइल पंपालाही जोडलेली असते. तिथे ढील बदलली की पंपाची खूण जुळते का तेही बघावं लागतं, नाहीतर इंजिनला ऑइल कमी पडतं.

ट्यूनिंग

आधी स्क्रू कोणता ते ओळखा, कारण इथे बरेच जण उलट फिरवतात. स्प्रिंग लावलेला मोठा स्क्रू, जो स्लाइडला वर उचलतो, तो स्लोचा. दुसरा बारीक स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा: बाहेर काढला की मिश्रण लीन, आत घातला की रिच. तोच इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, आणि नियम बरोबर उलटा.

१. गाडी दहा मिनिटं चालवून नीट तापवा. चोक पूर्ण बंद.
२. एअर स्क्रू हलका टेकवून दीड आटा बाहेर काढा. स्लो नेहमीपेक्षा थोडा चढा ठेवा.
३. एअर स्क्रू पाव-पाव आटा बाहेर काढा. प्रत्येक वेळी पाच-सात सेकंद थांबा, इंजिनला प्रतिसाद द्यायला वेळ लागतो. आवाज चढत जाईल, मग अडखळू लागेल.
४. जिथे आवाज सगळ्यात चढा आणि एकसारखा होता तिथे परत या.
५. स्लोचा स्क्रू कमी करून आवाज खाली आणा. १०० सीसी होंडाला सुमारे १४०० आरपीएम पुरतात. मीटर नसेल तर हेडलाइट लावून, हॉर्न वाजवून इंजिन बंद पडत नाही ना एवढं बघा.
६. तिसरी ते पाचवी पायरी पुन्हा एकदा.

मूठ झटकन उघडा. इंजिन "भॉक" करून मान टाकत असेल तर लीन आहे, एअर स्क्रू एक अष्टमांश आत. जड, घुसमटल्यासारखं चढत असेल तर तितकाच बाहेर.

स्क्रू शेवटी कुठे थांबला हेही बरंच काही सांगतं. हवेचा स्क्रू अर्ध्या आट्याच्या आत गेला तरच गाडी बरी चालते, म्हणजे स्लो जेट अजून अर्धवट तुंबलेलं आहे किंवा हवा शिरतेय. तीन आट्यांच्या बाहेर गेला, तर जेटचं भोक मोठं झालंय, फ्लोटची पातळी वर आहे, किंवा चोक पूर्ण मिटत नाही. आरएक्स आणि बुलेटमध्ये चोकच्या दट्ट्याखालचं रबर झिजलं की हेच होतं. आणि स्क्रू फिरवून काहीच फरक पडत नसेल तर अंगातला रस्ता बंद आहे, किंवा स्लोचा स्क्रू इतका आत आहे की स्लाइड स्लो जेटच्या पट्ट्याबाहेर उचलली गेली आहे.

मधल्या पट्ट्यात गाडी जड आणि अ‍ॅव्हरेज कमी असेल तर क्लिप एक खाच वर. ओढ कमी आणि झटके असतील तर एक खाच खाली. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर तोच रस्ता, तोच चढ. मेन जेट तपासायला मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गियरमध्ये काही सेकंद मूठ पूर्ण उघडा, मग क्लच दाबून त्याच क्षणी इंजिन बंद करा आणि थांबून प्लग बघा. स्लोवर घरी आणलेल्या गाडीचा प्लग मेन जेटबद्दल काहीच सांगत नाही.

जेटच्या नंबराबद्दल एक सावधगिरी: केहिन कंपनीच्या जेटचा नंबर भोकाच्या व्यासावरून असतो, मिकुनी कंपनीच्या षटकोनी मेन जेटचा प्रवाहावरून. त्यामुळे एकाचा ९० म्हणजे दुसऱ्याचा ९० नव्हे. आणि उंचीवर हवा विरळ होते, मिश्रण रिच होतं. महाबळेश्वरला गाडी किंचित जड वाटेल, तिथे काही करायची गरज नाही. लेहला, साडेतीन हजार मीटरवर, हा फरक ठळक होतो. क्लिप एक खाच वर घेऊन एअर स्क्रू अर्धा आटा बाहेर काढला तरी बराच फरक पडतो. उतरल्यावर मात्र ते आठवणीने परत फिरवा, विशेषतः टू स्ट्रोक असेल तर.

इथेनॉल आणि उभी गाडी

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असल्यामुळे त्याला जळायला हवा कमी लागते, म्हणून जुन्या जेटवर तेच मिश्रण थोडं लीन पडतं. गाडी सकाळी जास्त चोक मागते, मूठ सोडल्यावर फटाके वाजतात. एअर स्क्रू पाव आटा आत, गरज पडली तर क्लिप एक खाच खाली, आणि तरीही प्लग पांढरा असेल तर एक नंबर मोठं मेन जेट, या क्रमाने जा. जुनी रबरी नळी इथेनॉलने कडक होते किंवा फुगते. दाबून भेगा दिसल्या तर इथेनॉलला टिकणारी नळी बसवा.

इथेनॉल हवेतली ओल ओढतं. ओल फार झाली की पाणी आणि इथेनॉल पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात, आणि कार्बोरेटरची वाटी भरते ती टाकीच्या तळातूनच. गाडी पंधरा दिवसांहून जास्त उभी राहणार असेल तर कॉक बंद करा आणि ड्रेन स्क्रूने वाटी पूर्ण रिकामी करा. इंजिन बंद पडेपर्यंत चालवून वाटी संपवण्यापेक्षा हे बरं, कारण त्यात तळाचा शेवटचा चमचाभर पेट्रोल शिल्लक राहतंच आणि थर नेमका त्याचाच बसतो. टाकी लोखंडी असेल तर ती मात्र गळ्यापर्यंत भरून ठेवा. हवेला जागा नसली की गंज कमी धरतो.

अंग झिजलेलंच असेल तर नवा कार्बोरेटर घ्या, पण बाजारात याच गाड्यांसाठी नकलाही ढिगाने मिळतात. घेतानाच वाटी उघडून मेन आणि स्लो जेटचे नंबर जुन्याशी ताडा, निडल सरळ आहे का बघा, स्लाइड वर-खाली करून कुठे घासत नाही ना ते पाहा. जुना कार्बोरेटर दुकानात टाकून येऊ नका. त्यातली अस्सल जेटं, चांगली असतील तर, पुढे उपयोगी पडतात.